दुर्मीळ आजारासाठी ५० लाखांची मदत: फाइल अडते ती जनुकीय अहवालावर

आधी जुनी माहिती डोक्यातून काढा. २०२१ मध्ये केंद्र सरकारचं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आलं, त्यात आजारांचे तीन गट आहेत. तेव्हा मदत २० लाखांची होती, तीही फक्त पहिल्या गटाला, म्हणजे एकदाच उपचार करून बरं होण्याजोग्या आजारांना. मे २०२२ मध्ये ती तिन्ही गटांना लागू झाली आणि मर्यादा ५० लाखांवर गेली. व्हॉट्सॲपवर मात्र अजून जुनीच पत्रकं फिरतात.

५० लाख ही कमाल मर्यादा आहे, दर वर्षाचा हप्ता नव्हे. पैसे कुटुंबाच्या खात्यात येत नाहीत. ते उत्कृष्टता केंद्राकडे (या धोरणासाठी सरकारने नेमलेल्या रुग्णालयाकडे) जातात आणि उपचारही तिथेच. त्यामुळे मंत्रालयाला पत्रं लिहीत बसू नका, जवळच्या केंद्रात तपासणी आणि नोंदणी करा. मुंबईत हे केंद्र केईएममध्ये आहे. गोशे, पॉम्पे यांसारख्या आजारांत शरीरात एखादं एन्झाइम कमी पडतं; बाहेरून द्यायच्या त्या एन्झाइमचा डोस वजनावर ठरतो आणि दर दोन आठवड्यांनी द्यावा लागतो. १० किलोच्या मुलाला जी रक्कम वर्षभर पुरेल, ती २० किलोच्या मुलाला सहाच महिने. हा हिशेब डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत मांडून घ्या.

हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आजार धोरणाच्या यादीत नाहीत. त्यांच्या रुग्णांना इथे रांगेत उभं करून परत पाठवलं जातं, हे कुणी दारावर लिहून ठेवलं तर किती बरं होईल. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मात्र हे तिन्ही आजार आहेत. त्यासाठी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज वेगळा करावा.

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, जुने केसपेपर हे सगळं जमतं. अडतं ते जनुकीय अहवालापाशी.

अहवालात 'व्हीयूएस' लिहिलं असेल तर निदान पक्कं झालेलं नाही. जनुकात बदल सापडला, पण तो रोगाला कारण आहे की निरुपद्रवी, हे प्रयोगशाळेला सांगता आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी आई आणि वडील दोघांचं रक्त तपासून घ्यावं. अप्रभावी आनुवंशिकतेच्या आजारात दोन बदल लागतात, सहसा एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. दोन्ही एकाच पालकाकडून आले असतील तर निदानाचा फेरविचार करावा लागतो. गोशे-पॉम्पेत जोडीला एन्झाइमची पातळीही हवी. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबाची चाचणी ही चाळणी आहे, ती शेवटचा पुरावा नव्हे.

दुसरी चूक महाग पडते. एसएमए किंवा डुशेन या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारांचा संशय असताना थेट एक्सोम चाचणी (जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकत्र वाचणारी) केली जाते आणि अहवाल येतो, 'काही सापडलं नाही'. एसएमएमध्ये बहुतेकदा एसएमएन१ जनुकाचा सातवा एक्सॉनच (जनुकाचा एक तुकडा) गळालेला असतो आणि साध्या एक्सोममध्ये ते निसटू शकतं. या दोन्ही आजारांत आधी एमएलपीए (जनुकाचे गळालेले किंवा वाढलेले तुकडे मोजणारी चाचणी) करून घ्यावी.

आणि नाव! नवजात बाळाचं रक्त 'बेबी ऑफ' अमुक या नावाने गेलेलं असतं, आधारवर बाळाचं स्वतःचं नाव. जन्मदाखला देऊन प्रयोगशाळेकडून त्याच नमुना क्रमांकाचा दुरुस्त अहवाल घ्या. पेनाने केलेली खाडाखोड चालत नाही.

औषध स्वतःसाठी बाहेरून मागवत असाल, तर धोरणाच्या यादीतल्या आजारांना १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या किंवा राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांचं, नाहीतर जिल्हा वैद्यकीय अधिकारी वा सिव्हिल सर्जन यांचं प्रमाणपत्र लागतं. खासगी डॉक्टर कितीही नामांकित असोत, त्यांच्या पत्रावर सवलत नाही. प्रमाणपत्र ऑर्डर देण्याआधीच हातात असू द्या. ही एन्झाइमं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात आणि सही आणायला तुम्ही जिल्ह्याला धावता तोवर खोकं गोदामात पडून असतं.