टकळीवरील रंगीत सूतकताई

टकळी हे कापसापासून सूत काढायचे, मुठीत मावणारे साधन. बारीक काडी, तिच्या खालच्या बाजूला पितळी चकती आणि वरच्या टोकाला सूत अडकवायला इवलासा आकडा, एवढाच तिचा पसारा. सतत बोलणाऱ्या माणसाची ‘टकळी सुरू आहे’ असे आपण म्हणतो, तेही तिच्या न थांबणाऱ्या गरगरीमुळेच. कापूस आधी रंगवून, त्याचे पेळू (पिंजलेल्या कापसाच्या सैल वळकट्या) करून ते टकळीवर कातले की रंगीत सूत थेट बोटांतून उतरते. पांढरे सूत कातून मागाहून रंगात बुडवणे हे निराळे काम आहे.

गोव्याच्या जांभ्या मातीत आणि मुसळधार पावसात कापसाचे मोठे पीक येत नाही. डोंगरउतारावर सावरी फुलते, पण तिचा कापूस इतका गुळगुळीत की पीळच धरत नाही. तो उशांतच शोभतो. तरीही इथल्या हातांना पीळ अनोळखी नाही. नारळाच्या काथ्याचे सुंभ वळले जाते, देवासाठी वाती वळल्या जातात. श्रावणी पौर्णिमेला तर गोव्यात नावच ‘सुतां पुनव’. त्या दिवशी जानवे बदलतात. जुन्या घरांत जानव्याचे सूत टकळीवरच निघे: चार बोटांभोवती ९६ वेढे भरतील इतके सूत घ्यायचे, ते तिपदरी करून पिळायचे आणि पुन्हा तिपदरी करून नऊ धाग्यांचे जानवे वळायचे. गांधीजींच्या वर्धा शिक्षण योजनेने १९३७ नंतर टकळी मुलांच्या हातात दिली, विनोबा भावे तासन्‌तास तिच्यावर कातत. पण गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. म्हणून इथे टकळीचा माग शाळेपेक्षा देवघरात काढावा लागतो.

कापसाचा तंतू साधारण दोन-तीन सेंटिमीटरच लांब असतो. लोकरीचे लांब तंतू हवेत लोंबणाऱ्या जड चातीचा (कताईच्या काडीचा) भार सोसतात. कापसाचा कोवळा धागा त्या भाराने तुटतो. म्हणून टकळीचे खालचे टोक वाटीत टेकवतात. गोव्यात याला करवंटीइतके सोयीचे दुसरे काही नाही: आतून घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीत टोक छान फिरते. उजव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीने टकळीला गिरकी द्यायची आणि डाव्या हातातला पेळू हळूहळू वर न्यायचा. पीळ धाग्यावरून वर चढत जातो आणि पेळूच्या तोंडाशी सुटे तंतू पकडतो. हात भरून तार निघाली की ती काडीवर गुंडाळायची. पीळ कमी पडला तर तार सुटते, जास्त झाला तर ती स्वतःभोवतीच मुरड घेते. इथल्या दमट हवेचा मात्र फायदाच होतो: ओलावा शोषलेला कापसाचा तंतू अधिक चिवट असतो.

खरी गंमत रंगाची. पिवळ्या कापसाचा पातळ थर, त्यावर निळ्याचा, असे रचून काडीभोवती पेळू वळला, तर निघणारे सूत लांबून हिरवे दिसते. डोळ्यांजवळ आणले की पिवळा आणि निळा तंतू आपापल्या जागी वेगळे सापडतात. कढईत कालवलेल्या हिरव्या रंगाला हा जिवंतपणा येत नाही. रंग सरमिसळ न करता पेळूत एकापुढे एक ठेवले, तर लाल तारेत कधी केशरी शिरला हे नेमके सांगता येत नाही. ती जागा येताना पाहणे हेच या कामाचे सुख, आणि त्यासाठी माणूस ‘आणखी एकच पेळू’ म्हणत बसून राहतो. गोव्यातल्या कुणबी समाजाच्या कापडातल्या लाल-पांढऱ्या चौकडीला स्वच्छ रेघ हवी, तिथे असे सूत चालणार नाही. तिथे एकरंगी सूतच हवे.

कापूस रंग सहजी धरत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत बुडवला तर मंजिष्ठा या वेलीच्या मुळांचा लाल पक्का बसतो. मोहेंजोदडोला सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावरही मंजिष्ठेचाच रंग होता. हळद पटकन रंगते, पण उन्हात उडते.

दोन रंगांच्या तारा एकत्र वळताना टकळी उलट फिरवावी लागते. पहिला पीळ थोडा सुटतो, दुसरा बसतो, आणि दोन्ही रंग एकमेकांभोवती नागमोडी चढतात. शेवटी सुताची लड भिजवून, ताणून वाळवायची. हे काम चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, उघडीप मिळाल्यावर करावे. आषाढात ओली लड आठवडाभर सुकत नाही आणि तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात.