काशानच्या भांड्यांवरचं सोनं, ज्यात सोनं नाहीच

इराणच्या काशान शहरात बाराव्या-तेराव्या शतकात बनलेली भांडी आणि टाइल्स बघितल्या की वाटतं सोन्याचा मुलामा दिलाय, पण त्यात सोनं अजिबात नाही, आहे ती चांदी आणि तांबं, आणि माझ्या मते मध्ययुगातली ही सगळ्यात भारी केमिस्ट्री आहे.

सुरुवात झाली चीनची नक्कल करण्यातून. नवव्या शतकात चीनची पांढरीशुभ्र भांडी जहाजांनी इराकमध्ये यायची, तिथल्या कुंभारांकडे तशी माती नव्हती, मग त्यांनी ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरात, कथील मिसळून आपली पिवळट माती पांढऱ्या थराखाली झाकली आणि त्यावर ही चमकती नक्षी काढायला लागले. इजिप्तमार्गे हे तंत्र इराणात पोचलं. काशानवाल्यांनी तर मातीलाच जवळपास सुट्टी दिली. तिथल्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने 1301 साली भांडं घडवायच्या लगद्याची कृतीच लिहून ठेवलीय: 10 भाग गारगोटीची पूड, 1 भाग काचेची भुकटी, 1 भाग पांढरी माती.

आता ती चमक. ग्लेझ देऊन भाजलेल्या भांड्यावर चांदी-तांब्याची संयुगं गेरूसारख्या मातीत कालवून नक्षी काढायची आणि दुसऱ्या भट्टीत मंद आचेवर धुरी द्यायची, अबुल कासिम 72 तास सांगतो. धातूचे आयन ग्लेझमध्ये शिरतात, धुरामुळे ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून तिथेच शुद्ध धातूचे काही नॅनोमीटरचे कण तयार होतात आणि प्रकाश त्यांच्यावर पडला की सोनेरी, लालसर, कधी हिरवट झाक दिसते. भट्टीतून काढलं की सगळं काळपट, वरची जळकी माती घासली की खाली लखलखाट! आच जास्त झाली तर ग्लेझ मऊ पडून ती माती चिकटून बसते, कमी पडली तर चमकच येत नाही, आणि हे सगळं थर्मामीटर नसताना, नुसत्या नजरेच्या अंदाजाने.

निळ्या रंगाचा प्रवास मात्र उलटा झाला. काशानजवळच्या कमसरला, जे आज गुलाबपाण्यासाठी फेमस आहे, निळा रंग देणाऱ्या कोबाल्ट धातूच्या खाणी होत्या. चौदाव्या शतकात चीनच्या जिंगदेजेनमध्ये निळी-पांढरी पोर्सेलिन बनायला लागली, तिच्यातला कोबाल्ट लोह जास्त, मँगनीज कमी असा, म्हणजे चीनमधला नाही, तो इराणकडूनच गेला असं मानलं जातं. तीच भांडी मग इराणात इतकी लाडकी झाली की 1611 मध्ये इराणचा बादशहा शाह अब्बासने अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून जास्त चिनी भांडी दान दिली, आणि केरमानचे कुंभार गारगोटीच्याच भांड्यांवर चिनी ड्रॅगन, सारस रंगवू लागले. पुढे 1644 ला मिंग घराणं कोसळलं, चीनचा माल मिळेनासा झाला, तेव्हा डच व्यापाऱ्यांनी हीच इराणी भांडी उचलली.