सत्रांचे गुण, पदवीचा वर्ग आणि टक्केवारीचा तिढा : पार्श्वभूमी

पदवीचे निकाल लागले की कोल्हापुरातील विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे चंदगड, आजरा, शाहूवाडीकडून विद्यार्थी येऊ लागतात. गुणपत्रकावर सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांतील श्रेणींची दहापैकी सरासरी, छापलेला असतो आणि नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात मात्र टक्के विचारलेले असतात, त्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करून देणारा दाखला त्यांना हवा असतो. वरकरणी ही कारकुनी अडचण वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे कोणते गुण मोजायचे, कोणत्या वर्षाला किती वजन द्यायचे आणि गुणांची बेरीज आधी करायची की श्रेणी आधी लावायची, याविषयी वेळोवेळी घेतलेले निर्णय आहेत, आणि त्यांतील काही निर्णय पुरेशा चर्चेविना रूढ झाले आहेत.

पदवीधरांची वर्गवारी करण्याची पद्धत आपल्याकडे इंग्लंडमधून आली. ऑक्सफर्डमध्ये १८०० साली परीक्षांचे नवे नियम झाले आणि १८०७ पासून उत्तीर्णांची वर्गांत विभागणी होऊ लागली. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली लंडनच्या नमुन्यावर उभे राहिले. कोल्हापूरची महाविद्यालये आधी मुंबईशी, नंतर पुण्याशी आणि १९६२ पासून येथील स्वतंत्र विद्यापीठाशी संलग्न झाली. ब्रिटनमध्ये आजही सर्वसाधारणपणे ७०, ६०, ५० आणि ४० या रेषांवर वर्ग ठरतात, पहिल्या वर्षाचे गुण बहुधा धरले जात नाहीत आणि अखेरच्या वर्षाला दुसऱ्या वर्षापेक्षा अधिक वजन मिळते. आपल्याकडे ७० टक्क्यांना विशेष प्रावीण्य, ६० टक्क्यांना प्रथम वर्ग आणि ५५ टक्क्यांना हायर सेकंड क्लास या रेषा रुळल्या.

वार्षिक परीक्षांच्या काळात बी.ए. भाग १, भाग २, भाग ३ अशी रचना होती. अनेक अभ्यासक्रमांत भाग १ केवळ उत्तीर्ण होण्यापुरता असे आणि वर्ग पुढील वर्षांच्या, काही ठिकाणी तर फक्त शेवटच्या वर्षाच्या, एकूण गुणांवर ठरे. या पद्धतीत एका उन्हाळ्यातील आजारपण विद्यार्थ्याचा वर्ग घालवू शकत असे, हा तिचा मोठा दोष होता. परंतु हिशेब कोणालाही करता येत असे. वर्गाच्या रेषेपासून थोडक्यात हुकणाऱ्यांसाठी कृपागुणांची सोयही होती. राज्यातील एका जुन्या नियमात ती एकूण गुणांच्या १ टक्का किंवा १० गुण, यांपैकी जे कमी असेल तेवढी होती आणि अन्यत्र कोणतीही सवलत न घेता उत्तीर्ण झालेल्यालाच मिळत असे.

सत्र पद्धती आली आणि तिच्यापाठोपाठ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे प्रत्येक विषयाला दिलेले वजन, आले. विद्यापीठ अनुदान आयोग या केंद्रीय आयोगाने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दहा बिंदूंची श्रेणीपद्धती सांगितली, तीत ओ श्रेणीला १०, ए प्लसला ९ आणि याप्रमाणे उतरत उत्तीर्णतेच्या पी श्रेणीला ४ बिंदू आहेत. प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि त्यात मिळालेले श्रेणीबिंदू यांचा गुणाकार करायचा, त्यांची बेरीज एकूण श्रेयांकांनी भागायची, की सत्राचा एसजीपीए मिळतो. सर्व सत्रांचे एसजीपीए त्यांच्या श्रेयांकांच्या वजनाने एकत्र केले की सीजीपीए तयार होतो. दोन्ही आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत द्यायचे असतात. सूत्र सरळ आहे, आणि देशभरात एकच असल्यामुळे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे सुकर होईल, ही त्यामागची अपेक्षाही रास्त होती.

अडचण सूत्राच्या आधीच्या पायरीत आहे. गुणांचे श्रेणीबिंदूंत रूपांतर झाले की एका श्रेणीत बसणाऱ्या गुणांच्या पट्ट्याच्या आतील फरक पुसला जातो. उदाहरणापुरते असे धरू की ६० ते ६९ गुणांना ७ आणि ७० ते ७९ गुणांना ८ बिंदू आहेत. समान श्रेयांकांच्या चार विषयांत एका विद्यार्थिनीला प्रत्येकी ६९ गुण मिळाले. तिची सरासरी ६९ टक्के आणि एसजीपीए ७.००. दुसऱ्या विद्यार्थ्याला तीन विषयांत ६० आणि एकात ७० गुण मिळाले. त्याची सरासरी ६२.५ टक्के, पण एसजीपीए ७.२५. म्हणजे साडेसहा टक्के अधिक गुण मिळवणारी मुलगी गुणवत्ता यादीत मागे राहते. हा अपवादात्मक योगायोग नाही. पट्ट्याच्या वरच्या टोकाशी सातत्याने राहणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत ही पद्धत हेच करते.

त्यावर टक्केवारीचे रूपांतर येते. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामकाच्या एका प्रचलित तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० आणि ७.२५ म्हणजे ६५ टक्के असे दिले आहे. काही ठिकाणी सीजीपीएला थेट १० ने गुणतात. काही अर्जदार ९.५ ने गुणतात. हा गुणक शालेय स्तरावरील एका केंद्रीय मंडळाने दहावीसाठी दिला होता, तोही सर्वोच्च श्रेणीतील मुलांचे सरासरी गुण ९५ च्या आसपास होते म्हणून, आणि पदवीशी त्याचा संबंध नाही. आता ६.०० सीजीपीए असलेला एम.ए.चा विद्यार्थी घ्या. तक्त्याचीच चाल खाली नेली तर त्याला ५२.५ टक्के, ९.५ ने गुणल्यास ५७ आणि १० ने गुणल्यास ६० टक्के मिळतात. महाविद्यालयीन अध्यापनाच्या पात्रता परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात आणि ते पूर्णांकात न बदलता मोजले जातात. तेव्हा त्याची पात्रता त्याच्या उत्तरपत्रिकांवर ठरत नाही, कोणते सूत्र लावले त्यावर ठरते. रूपांतराचे सूत्र प्रत्येक विद्यापीठाने आपापले ठरवायचे, हे धोरण स्वायत्ततेच्या नावाने समर्थनीय ठरवले जाते. पण मूळ गुण परीक्षा विभागाच्या नोंदीत असतानाच विद्यार्थ्याला अंदाजी टक्के लिहून देणे समर्थनीय कसे ठरते, याचे उत्तर त्या धोरणात नाही. गुणपत्रकावर श्रेणीसोबत प्रत्यक्ष गुण आणि श्रेयांकांनुसार काढलेली त्यांची सरासरी छापली, तर रूपांतराच्या दाखल्याची गरजच उरत नाही.

मागील सत्रांची सरासरी किती विश्वासार्ह मानावी, हा वाद २०२० साली उघडपणे झाला. साथीमुळे परीक्षा थांबल्या. मधल्या सत्रांसाठी निम्मे वजन अंतर्गत मूल्यमापनाला आणि निम्मे मागील सत्राला देण्याचा मार्ग केंद्रीय आयोगाने सुचवला. राज्याने अंतिम वर्षालाही मागील सत्रांच्या सरासरीवर पदवी देण्याचे ठरवले, त्याला आयोगाने आक्षेप घेतला आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम परीक्षेविना पदवी देता येणार नाही, मुदतवाढ मात्र मागता येईल, असा निर्णय दिला. अखेरच्या परीक्षेचे जुने महत्त्व त्या निर्णयाने राखले खरे, पण सीजीपीएच्या सूत्रात शेवटच्या सत्राचे वजन इतर सत्रांइतकेच राहिले.

नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षाचे स्थान बदलले आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक आहेत, आणि मुख्य विषयाबरोबर मूल्यशिक्षण, कौशल्य, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना यांचे दोन-दोन श्रेयांकही सीजीपीएमध्ये धरले जातात. ग्रामीण भागातील मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत इंग्रजी पाठ्यपुस्तकांची सवय होण्यात पहिली दोन सत्रे जातात. पूर्वी अनेक अभ्यासक्रमांत त्याची किंमत वर्गात मोजावी लागत नसे, आता लागते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. ही पहिली मोठी तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचेल, आणि ते ७५ टक्के प्रत्यक्ष गुणांवरून काढायचे की सीजीपीएच्या रूपांतरावरून, हे तिच्या सहाव्या सत्राचा निकाल लागण्यापूर्वी लेखी जाहीर व्हायला हवे.