ज्येष्ठमध रोज खाताय? मग पोटॅशियमचं बघा

चीनमध्ये पारंपरिक औषधांच्या दुकानात काढ्याच्या पुड्या बांधताना त्या साली, मुळ्या आणि बियांच्या ढिगात एक गोष्ट बऱ्याचदा दिसते, ती म्हणजे तिरक्या कापलेल्या पिवळ्या चकत्या, कडेला तपकिरी साल आणि मधून निघून कडेपर्यंत जाणाऱ्या बारीक रेषा. तिथे त्याला गानत्साव म्हणतात, आपण ज्येष्ठमध म्हणतो. झाड अगदी तेच नाही, पण सख्खं भावंड आहे. चीनमध्ये मुख्यतः ग्लायसिरायझा उरालेन्सिस वापरतात, आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात बहुतेक ग्लायसिरायझा ग्लाब्रा मिळतो, आणि गोडी दोघांतही एकाच रसायनाची, ग्लायसिरायझिनची, जे साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड असतं.

इनर मंगोलिया, निंगशिया, गान्सू, शिंजियांग अशा कोरड्या रेताड भागात हे झाड वाढतं आणि त्याची मुळं खूप खोल जातात, वाळू धरून ठेवतात. औषधासाठी आणि धंद्यासाठी लोकांनी ती इतकी उपटली की जमीन उघडी पडून वाळवंट पसरायला लागलं आणि २००० साली चीन सरकारला जंगली ज्येष्ठमध खणण्यावर निर्बंध आणावे लागले, आता शेतीही होते. मागणी एवढी का, तर चिनी वैद्यकात निम्म्याहून जास्त काढ्यांमध्ये तो थोडा तरी असतोच, बाकीच्या तीव्र औषधांना सांभाळून घ्यायला. कधी तो मधात परतून घेतात, मग चकत्या चिकट आणि चकचकीत होतात. तसा परतलेला ज्येष्ठमध मुख्य औषध म्हणून घातलेला एक काढा साधारण अठराशे वर्षांपूर्वीच्या च्यांग चोंगचिंग या वैद्याच्या ग्रंथात आहे, छातीत धडधडणं आणि नाडी अडखळणं यासाठी. जपानमध्ये पायात गोळे आले की ज्येष्ठमध आणि पिओनी या फुलझाडाचं मूळ असं दोनच औषधांचं मिश्रण डॉक्टरसुद्धा लिहून देतात.

आपल्याकडे घसा बसला, खोकला झाला की तुकडा तोंडात धरायचा, गाणारी मंडळी तर बाळगतातच. त्यात तथ्य आहे, गोडीने लाळ सुटते, घशाला आराम पडतो. दोन-चार दिवस असं केलं तर धडधाकट माणसाने घाबरायचं काहीच कारण नाही. माझा मुद्दा वेगळा आहे, तोच ज्येष्ठमध इम्युनिटीसाठी, ॲसिडिटीसाठी, त्वचेसाठी म्हणून रोज चमचाभर, महिनोन्महिने, आणि वर बीपीची गोळी चालू, हे जे आजकाल सर्रास चाललंय ते थांबायला पाहिजे.

कारण काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. १९४६ मध्ये नेदरलँड्समधले डॉक्टर रेव्हर्स यांनी ज्येष्ठमधाच्या अर्काने जठराचे अल्सर बरे होतात असं मांडलं, पण त्यांच्याच लक्षात आलं की बऱ्याच पेशंट्सच्या चेहऱ्यावर आणि पायावर सूज येतेय. पुढे कळलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतंय आणि पोटॅशियम लघवीतून निघून जातंय, म्हणजे अल्डोस्टेरॉन नावाचं हॉर्मोन वाढल्यावर होतं तसंच सगळं, पण रक्तात बघितलं तर अल्डोस्टेरॉन उलट कमी! हे कोडं १९८० च्या दशकात सुटलं. आपल्या रक्तात कॉर्टिसॉल हे दुसरं हॉर्मोन अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं आणि किडनीतल्या अल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरवर, म्हणजे हॉर्मोन जिथे बसून पेशीला हुकूम देतं त्या जागेवर, तेही तितकंच छान बसू शकतं. ते बसत नाही कारण तिथे एक एन्झाइम वॉचमनसारखं उभं असतं, कॉर्टिसॉल आलं की त्याला निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. ग्लायसिरायझिनपासून आतड्यात जे रसायन तयार होतं ते या एन्झाइमलाच बंद पाडतं. मग कॉर्टिसॉल रिसेप्टरवर बसून किडनीला सारखं सांगत राहतं की मीठ ठेव, पोटॅशियम सोड. मला हा सगळा शोध फार सुंदर वाटतो, एका गोड मुळीमुळे किडनी कशी चालते याची एक मोठी गोष्ट कळली.

पोटॅशियम कमी झालं की आधी थकवा, स्नायूत अशक्तपणा, पायात गोळे (म्हणजे ज्यासाठी घेतला तेच!), आणि फार कमी झालं तर हृदयाची लय बिघडते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली एक केस छापून आली होती, ५४ वर्षांचा बांधकाम कामगार, काही आठवडे रोज पाकीट-दोन पाकिटं ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या (चघळायची कँडी) खात होता, बसल्या जागी कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. हे टोकाचं उदाहरण आहे हे मान्य, पण यंत्रणा तीच.

किती म्हणजे जास्त? युरोपात ग्लायसिरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचवलेली आहे. चिनी फार्माकोपियानुसार, म्हणजे तिथल्या औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथानुसार, चांगल्या मुळीत ते किमान २ टक्के असावं लागतं, म्हणजे पाच ग्रॅम मुळीत १०० मिलिग्रॅम झालंच. काढ्यात सगळं उतरत नाही, पण पावडर गिळली तर सगळं पोटात जातं हे लक्षात घ्या. चिनी वैद्यांचा डोस दिवसाला २ ते १० ग्रॅम असतो खरा, पण तो प्रकृती बघून, ठराविक दिवसांसाठी, आणि अंगावर सूज असलेल्याला देऊ नये, फार दिवस जास्त घेतला तर सूज येते हे त्यांच्याच पुस्तकात लिहिलेलं आहे. म्हणजे परंपरेनेच सांगितलेली सावधगिरी आपण पावडरच्या डब्यावर विसरलो.

बीपी, हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल, लघवी जास्त होणारी गोळी, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा स्टेरॉइड चालू असेल तर नकोच. गरोदरपणात तर अजिबात नको, फिनलंडमध्ये गरोदरपणी भरपूर खाल्लेल्या आयांच्या मुलांच्या बौद्धिक चाचण्यांमध्ये फरक दिसला होता. पोटासाठी घ्यायचाच असेल तर ग्लायसिरायझिन काढून टाकलेला अर्क मिळतो, लेबलवर डीजीएल लिहिलेलं असतं, त्यात हा धोका फार कमी आहे, पण तोही डॉक्टरांना विचारूनच. आणि ज्येष्ठमधात गुंजेच्या मुळांची भेसळ होते, तेव्हा सुट्ट्या पावडरपेक्षा काडी बघून घ्या, मोडली की आत पिवळी आणि रेषाळ दिसली पाहिजे.

घरात कोणाचं बीपी गोळ्या घेऊनही अचानक वाढलं, पाय सुजले, अंगात त्राण नाही असं झालं तर डॉक्टरांना औषधांची यादी देताना ज्येष्ठमध, त्याचा चहा, खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप हे सगळं सांगा, कारण तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणार नाही. रक्तातलं पोटॅशियम साध्या टेस्टमध्ये कळतं. ज्येष्ठमध बंद केल्यावरही त्या एन्झाइमला पुन्हा कामाला लागायला एक-दोन आठवडे जातात, त्यामुळे चार दिवसांत बीपी उतरलं नाही म्हणून कारण दुसरंच असेल असं धरू नका, टेस्ट परत करून घ्या.