पेंडी सोडायची, नोट मोडायची

आसपासच्या शाळांचा मिळून एक क्लस्टर असतो, त्याच्या शिक्षकांच्या समालोचन सभेत गणिताच्या साहित्याचा विषय निघाला की टेबलावर दोन गोष्टी शेजारीशेजारी मांडतात. रबर लावलेले काड्यांचे गठ्ठे आणि खेळण्यातल्या दहा-दहाच्या नोटा. दोन्हींवर मिळून एकच चिठ्ठी, ‘दशक-एकक साहित्य’. आणि सांगायचं काय, तर हाताला लागेल ते घ्या, दोन्ही एकच. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत पहिली ते तिसरीला शिकवताना हे इतक्यांदा कानावर पडलंय की आता लिहूनच काढते. दोन्ही एक नाहीत.

काड्यांचं वर्णन करत बसत नाही, त्या सगळ्यांच्या वर्गात आहेत. हिराच्या, बांबूच्या, आईस्क्रीमच्या, कुठल्याही चालतात. आमच्याकडची मुलं गठ्ठ्याला पेंडीच म्हणतात, कारण कडब्याची पेंडी आणि मेथीची पेंडी त्यांच्या रोजच्या बघण्यातली. मीही पेंडीच म्हणते. काड्या मोडतात, नोटांचे कोपरे दुमडतात, काड्यांना डबा लागतो, नोटांना पाकीट पुरतं. या फरकांवर चर्चा करून सभेचा अर्धा तास घालवू नये.

खरा फरक एवढाच की पेंडीत दहा असतात आणि नोटेवर दहा लिहिलेलं असतं.

एका वर्षी शाळेत नवी रंगीत पेटी आली म्हणून मी दुसरीची सुरुवात नोटांनी केली. दहाच्या दोन नोटा आणि एक-एक रुपयाची पाच नाणी ओळीने ठेवली आणि किती झाले विचारलं. पोरानं प्रत्येकावर बोट ठेवत मोजलं आणि सांगितलं, “सात की वो बाई.” मी त्याला चूक म्हटलं. आज त्याचं वाईट वाटतं, कारण समोर सातच वस्तू होत्या. तो कागद दहा नाण्यांच्या बरोबरीचा, हे मोठ्या माणसांनी ठरवलेलं. ते डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. दोन पेंड्या आणि पाच काड्या बघूनही तो कदाचित सातच म्हणाला असता, पण मग रबर काढून त्याचं त्याला मोजता आलं असतं. नोटेच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला दुसरा मार्गच नव्हता.

यावर नेहमी एक उत्तर येतं: अहो, मुलं दुकानात जातात, नोटा ओळखतात. ओळखतात की. दहाच्या नोटेला बिस्किटाचा पुडा येतो हे बालवाडीतलं मूलही सांगेल. पण नोट ओळखणं आणि त्या नोटेत दहा एकक बघणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि वर्गात आपल्याला दुसरं हवं असतं.

वजाबाकीत हा फरक सगळ्यात जास्त भोवतो. ३२ मधून १७ काढायचे होते. मुलीपुढे तीन पेंड्या आणि दोन काड्या. तिनं एक पेंडी बाजूला दिली. आता सात द्यायच्या, सुट्या दोनच. थोडा वेळ नुसती बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, पेंडी सोडू काय?” मी हे शिकवलेलं नव्हतं. तिनं रबर काढून मनगटात अडकवलं, सुटलेल्या दहा काड्या त्या दोनांत मिसळल्या आणि बारातून सात मोजून दिल्या. एक पेंडी, पाच काड्या उरल्या. ढिगात बाहेरून काही आलं नाही, त्यातून काही हरवलं नाही, आणि हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं.

हीच वजाबाकी नोटांनी करा. नोट फाडता येत नाही, ती मोडून आणावी लागते. म्हणजे मध्ये दुकानदार आला, बँक आली. एक वस्तू गेली आणि तिच्या बदल्यात दहा आल्या. लहान मुलाला हा फायदा वाटतो. एक दिली, दहा मिळाली म्हणून खूश झालेली मुलं मी पाहिलीत. रक्कम तेवढीच राहिली हे ज्याच्या मनात आधी पक्कं बसलंय, त्यालाच मोडीचा व्यवहार कळतो. सोडणं कळल्यावर मोडणं कळतं. उलट क्रमाने गेलं की मूल पाठ केलेली कृती करत राहतं.

याच्याच जोडीला ‘शेजारच्या दशकाकडून एक उसना घे’. हे वाक्य मी वर्गात येऊ देत नाही. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, असं आपणच मुलांना शिकवतो. इथे कधी परत करतो? पेंडी सोडली म्हणावं, काम भागतं.

घोळाचं एक कारण मला दिसतं. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेली नली-कली, म्हणजे आनंदाने शिकण्याची पद्धत राज्यभर आली आणि पहिली ते तिसरी एका खोलीत गटागटाने बसू लागली. पद्धत मला आवडते. पण साहित्याचं कपाट एकच, त्यामुळे तिसरीच्या गटाच्या नोटा पहिलीच्या गटापुढे सहज जातात.

आमच्या मुलांना पेंडी आणखी एका कामाला येते. मराठीत ‘बत्तीस’ म्हणताना दोन आधी, तीस नंतर. कन्नडमध्ये ‘मूवत्तेरडु’, म्हणजे तीस आधी. दोन्ही रोज कानावर पडतात आणि ३२ च्या जागी २३ लिहिलं जातं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसला ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला बत्तीस सोडायचं नाही. तीन पेंड्या, दोन काड्या समोर असल्या की दोन्ही भाषांतला शब्द त्याच ढिगाला लागतो. एकोणतीसला तर मी तिसरी पेंडी एका काडीने कमी बांधायला लावते.

नोटा वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. तिसरीत हजार आले की शंभर पेंड्या कोण बांधणार? तिथे नोटाच हव्यात. माँटेसोरी पद्धतीतही आधी सोनेरी मणी येतात, त्यात दहाची कांडी खरोखर दहा मण्यांची असते. एकक, दशक, शतकाच्या सारख्याच मापाच्या रंगीत चकत्या त्यानंतर. तारांवर मणी ओवलेला मणीफलक तर माझ्या मते सगळ्यात शेवटी, कारण त्यात मण्यावर काही लिहिलेलंही नसतं, नुसत्या जागेवर किंमत ठरते.

आणि पेंडी मुलांनीच मोजून बांधावी. चिकटपट्टीने गुंडाळलेल्या, तपासणीला दाखवण्यापुरत्या ठेवलेल्या पेंड्या कुणी सोडू देत नाही. मग त्या आणि नोटा सारख्याच झाल्या.

माझ्या दुसरीच्या वर्गात दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत नोटांचं पाकीट कपाटातच असतं. सुट्टीनंतर एका मुलाला दुकानदार करते. त्याच्या पुढ्यात नोटा, बाकीच्यांकडे त्यांनीच बांधलेल्या पेंड्या. नोट हवी असेल तर पेंडी द्यायची. दुकानदार पेंडी लगेच घेत नाही. आधी रबर काढतो, दहा भरतात का बघतो, आणि मगच नोट पुढे करतो.