उसन्या दोरीवर १६४ विजय

अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध त्वचेखाली एक दोरी ताणून वर आलेली दिसेल. ही पाल्मारिस लाँगस या स्नायूची टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. काहींच्या हातात ती जन्मतःच नसते आणि त्यांना ते आयुष्यभर कळतही नाही, इतकं तिच्यावाचून काही अडत नाही. १९७४ मध्ये याच दोरीनं बेसबॉलच्या एका पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, हात वाचवला.

टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. वय ३१. त्या हंगामात १३ सामने जिंकलेले, फक्त ३ हरलेले. १७ जुलैला माँट्रियल एक्सपोजविरुद्ध चेंडू टाकताना त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी पट्टी, तुटलं.

ती का तुटते? क्रिकेटचा गोलंदाज हात जवळजवळ सरळ ठेवून फिरवतो. पिचरचं कोपर वाकलेलं असतं. चेंडू धरलेला हात आधी मागे कलतो, मग आसूड मारावा तसा पुढे येतो. या क्षणी खांद्यातून दंड सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगानं फिरतो. म्हणजे तसाच फिरत राहिला तर सेकंदाला १९ पूर्ण फेरे! हा सगळा झटका कोपराचा सांधा आतल्या बाजूनं उघडू पाहतो. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हे लिगामेंट एकट्यानं एवढा ताण पेलू शकत नाही असं दिसतं. भोवतीचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून ते टिकतं. पण हजारो फेकींनंतर विहिरीवरच्या सोलासारखा त्याचा एकेक धागा सुटत जातो.

तोवर हे लिगामेंट तुटलं की पिचरचा खेळ संपायचा. डॉ. फ्रँक जोब यांनी वेगळी वाट काढली. पोलिओच्या रुग्णांमध्ये टेंडन एका जागेवरून दुसरीकडे बसवतात, हे त्यांना ठाऊक होतं. २५ सप्टेंबरला त्यांनी जॉनच्या उजव्या हातातली ती दोरी काढली, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ती त्यांतून ओवली. यशाची शक्यता त्यांच्या मते शंभरात एक होती.

मला खरं नवल पुढच्या भागाचं वाटतं. ओवलेली टेंडन सुरुवातीला नुसता सांगाडा असते. हळूहळू तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, पेशी येतात, तंतूंची रचना बदलते आणि स्नायूला हाडाशी जोडणारी ती दोरी लिगामेंटसारखी होते. याला महिनोन्महिने लागतात आणि कोणतंही औषध ते घाईनं घडवून आणत नाही. जॉनचा तर मज्जातंतूही दुखावला होता. बोटं वळेनात, म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा अख्खा हंगाम गेला.

१९७६ मध्ये तो परतला आणि १० सामने जिंकला. त्याआधी एकाही हंगामात त्यानं २० विजय मिळवले नव्हते. नंतर तीनदा मिळवले. आज या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. तिनं हात पूर्वीपेक्षा बळकट होतो, असं समजून अमेरिकेत काही पालक धडधाकट मुलांसाठीही ती मागतात, हे वाचून वाईट वाटतं. हात बळकट होतो तो त्या लांबलचक विश्रांतीनं आणि व्यायामानं.

जॉन १९८९ पर्यंत खेळला. थांबला तेव्हा वय ४६ होतं, हंगाम २६ आणि विजय २८८. त्यांतले १६४ उजव्या मनगटातल्या त्या दोरीनंतरचे.