एकाएकी बंद झालेला कान तेलाने उघडत नाही
कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटला, तर आपल्या विदर्भातील खेड्यांत ‘थंड हवा लागली’ असे म्हणून लसूण कडकवलेले जवसाचे तेल कानात सोडले जाते. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी मोलाचे दिवस वाया जातात. मळाने कान बंद होतो हे खरे. परंतु दोन-तीन दिवसांत एकाएकी ऐकू येणे कमी झाले, तर दोष आतल्या कानात असू शकतो आणि पडद्याबाहेरचे तेल तिथे पोहोचतच नाही. तोंड मिटून गुणगुणून पाहावे: आवाज चांगल्या कानात जास्त घुमला, तर शंका आतल्या कानाचीच घ्यावी.

बहुतेकदा नेमके कारण सापडत नाही. मात्र काहींमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतल्या कानावर उलटते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ ब्रायन मॅककेब यांनी १९७९ मध्ये अशा १८ रुग्णांचे वर्णन केले. यात सहसा दोन्ही कानांचे ऐकणे काही आठवड्यांत वा महिन्यांत खालावते. सोबत डोळे लाल होणे, भोवळ किंवा सांधेदुखी असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ऐकणे एकाएकी कमी झाल्यास सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइड औषधाचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो, म्हणून वेचणी संपण्याची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.